पलंगाच्या पायातलं पाणी

चतुर्थीला दोन दिवस राहिले होते. वेंगुर्ल्याजवळच्या एका घरी माटवीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीची, एक पट्टी बदलायला गेलो होतो, काम जेमतेम अर्ध्या तासाचं. पट्टी बसवून शिडीवरून उतरतोय तोच आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ हसण्याचा कल्लोळ. मुंबईहून आलेली तीन माणसं एकदम लोखंडी पलंगावर बसली होती आणि उशाकडचा डावा पाय गेला होता. लागलं कोणाला नाही.

पाय वाकलेला नव्हता, वेल्डिंगही सुटलेलं नव्हतं. फरशीपासून अडीच इंचांवर तो सरळ तुटला होता. ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, वर पांढरं पावडर कोटिंग, कुठे टवका उडालेला नाही. तुटलेल्या कडेजवळ मात्र मुगाच्या दाण्याएवढे तीन फुगे होते. नखाने एक दाबला तर रंगाचा पापुद्रा आत गेला. त्यामागे लोखंड उरलंच नव्हतं. खाली राहिलेल्या तुकड्याची काळी प्लास्टिकची टोपी पेचकसाने उचकटली, तर आतून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी फरशीवर सांडलं, पाव वाटी तरी असेल. त्याबरोबर गंजाचे काळपट पापुद्रे.

घरातल्या आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. "मेस्त्र्यानू, लोखंडाक काय वाळवी लागता?"

वाळवी लागत नाही, पण पाण्याला वाळवीइतकीच वाट पुरते. पावडर कोटिंग पाइपच्या बाहेरून होतं, आत काही पोचत नाही. पट्टी जोडायला वर ८ मिलिमीटरची दोन भोकं पाडलेली असतात. त्यातून दमट हवा आत जाते, रात्री लोखंड थंड झालं की तिचं पाणी होतं आणि ओघळून तळाला येतं. तिकडे खालून पावसाळ्यात फरशीला पाणी सुटतं, त्यात ओलं पोछं फिरतं. टोपी आणि पाइप यांच्यातल्या केसाएवढ्या फटीतून ते पाणी वर ओढलं जातं. टोपी घट्ट असते ती फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून, पण ती पाणी बाहेरही जाऊ देत नाही. समुद्र दोन किलोमीटरवर, म्हणजे त्या पाण्यात थोडं मीठ आलंच. पाइप किती जाडीचा होता ते मोजलं: १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. तीन पावसाळे काढले हेच नवल.

माटवीचं काम संपलंच होतं, म्हणून घरातले बाकीचे पलंगही पाहून घेतले. तीन पलंग, तीन जातींचे, छप्पर एकच. अशी तुलना एरवी हाताला लागत नाही.

दुसरा होता पश्चिमेकडच्या खोलीत, पार्टिकल बोर्डाचा बॉक्स बेड. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, बाहेरून पावसाचा सपाटा थेट तिच्यावर, आणि बेड तिला चिकटवून ठेवलेला. याला पायच नाहीत, बाजूच्या फळ्या थेट फरशीवर टेकलेल्या. वरून फळी १८ मिलिमीटर भरली, फरशीजवळ तीच २३ मिलिमीटर. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला भुसा. एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीला येत नाही. कडेची पट्टी तळाच्या बाजूला चिकटवलेलीच नव्हती, कारण ती बाजू दुकानात कोणी वाकून बघत नाही. कोपऱ्यातलं मिनीफिक्स, म्हणजे दोन फळ्या जोडणारा स्क्रू, मी बोटांनी ओढलं, ते भुशासकट हातात आलं. हा पलंग उभा होता तो केवळ त्याच्यावर कोणी झोपत नव्हतं म्हणून.

गादी उचलली. खालच्या अंगाला काळ्या बुरशीचे ठिपके, पण सगळीकडे नाहीत. खालच्या प्लायला हात घालून झाकण उचलायची दोन भोकं होती, तेवढ्या जागी गादी स्वच्छ होती. गादीला खालून हवा लागते का, याचं उत्तर त्या दोन गोल चकत्यांनी दिलं. खालच्या खणात गोधड्या होत्या. त्यांचा कुबट वास पुढचे दोन दिवस गेला नसावा.

तिसरा पलंग माजघरातला, आजींचा. पाय सागाचे, तीन इंची, कातारावर काढलेले. बाजूच्या पट्ट्या फणसाच्या. सांध्यांना सरस नाही की खिळा नाही, कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ, पायाच्या खाचेत बसवून आडवी लाकडी मेख मारलेली. पायांखाली काळ्या दगडाच्या चार चकत्या, जमीन शेणाची होती तेव्हापासूनच्या. आर्द्रतामापकाच्या सुया टोचल्या: पट्टीत १७ टक्के, पायाच्या तळाशी १८. आमच्याकडे ऑगस्टात घरातलं कुठलंही लाकूड साधारण एवढं पाणी धरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. २० टक्क्यांच्या वर लाकूड बराच काळ राहिलं की कूज धरते. त्या चकत्यांनी पायाचा तळ फरशीच्या पाण्यापासून बोटभर वर धरला, बस एवढंच केलं.

निर्दोष तोही नव्हता. एका पायाच्या कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत फिकट पट्टा होता, त्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली टाल्कम पावडरीसारखी बारीक पूड. भिरूड, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. टाचणी फिकट भागात सहज आत गेली, अर्धा इंच बाजूला तपकिरी भागात टोकही रुतेना. साग सगळाच टिकतो हा गैरसमज आहे. टिकतो तो गाभा. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, भिरूड त्यासाठी येतं आणि गाभ्याची रेघ लागली की थांबतं. हल्ली १२-१५ वर्षांच्या लागवडीचा साग विकायला येतो त्यात पांढरं पुष्कळ, आणि रंग मारून ते गाभ्यासारखं केलेलं असतं. म्हणून लाकूड पॉलिश करण्याआधी, चिरलेलं बघून घ्यावं. ते जमत नसेल तर पलंग उलटा करून पायाचा तळ बघावा, तिथे रंग क्वचितच पोचतो.

चतुर्थीपुरती सोय करणं भाग होतं. लोखंडी पलंगाचे चारही पाय चार इंच कापले. तीन चांगले दिसत होते, पण कापल्यावर त्यातल्या दोघांत पाणी होतंच. मग चार चिरे मांडले आणि चिरा व पाय यांच्यामध्ये जाड रेक्झिनचे तुकडे घातले. चिरा ओल शोषून वर देतो, नुसत्या चिऱ्यावर पाय टेकवला तर आधीचंच पुन्हा. प्रत्येक पायाच्या तळाशी एक बारीक भोक मोकळं ठेवलं, उरलंसुरलं पाणी निघून जायला. बॉक्स बेड अंगणात काढून ठेवला. पाच दिवस निभावलं.

नवा पलंग कशाचा, यावर घरात दोन तट पडले. मुलाचं म्हणणं स्टेनलेस स्टीलचा करू. हरकत नाही, पण कुठलं स्टील ते आधी ठरवा. २०२, ३०४, ३१६ हे त्याच्या प्रतींचे नंबर. बाजारात ३०४ सांगून २०२ देतात आणि दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो की बघा, चिकटत नाही. २०२ लाही तो चिकटत नाही, तेव्हा त्या चाचणीला अर्थ नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो. तो आहे की नाही ते सांगणारा थेंब टाकायचा रासायनिक संच मिळतो, त्याने ३१६ ओळखू येतं. खाऱ्या वाऱ्यात खरं टिकतं ते ३१६. ३०४ वर चहाचे डाग पडल्यासारखे ठिपके येतात, पुसले तर जातात, पाय काही तुटत नाही. २०२ मात्र वेल्डिंगच्या सांध्यांपासून खात जातं. साधं लोखंडच हवं असेल तर जी.आय., म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप घ्या, निदान २ मिलिमीटर जाडीचा, पायांची दोन्ही टोकं पत्रा वेल्ड करून पूर्ण बंद, आणि नंतर त्यात एकही भोक पाडायचं नाही. जोडणीचे कान बाहेरून वेल्ड करायचे. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथे झिंकचा प्रायमर लावूनच रंग. असं करून देणारा फॅब्रिकेटर मिळाला तर माझ्याकडे यायची गरज नाही.

शेवटी आजींच्या पलंगाने निकाल लावला आणि लाकूड ठरलं.

गादी ७८ बाय ६० इंच. पाय सागाच्या गाभ्याचे ३ बाय ३ इंच, उशाकडचे ३६ आणि पायथ्याचे १६ इंच उंच. चारी बाजूंच्या पट्ट्या ६ इंच रुंद, सव्वा इंच जाड. मध्ये लांबीत ४ बाय २ इंचाचा वासा उभा ठेवून, त्याच्याखाली दोन पाय. आडव्या पट्ट्या फणसाच्या, ३ इंच रुंद, पाऊण इंच जाड, १४ नग. म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये पावणेतीन इंच मोकळे राहतात. तीन इंचांच्या पुढे गेलात तर फोमची गादी फटीत उतरायला लागते. सगळं मिळून पावणेचार घनफुटांच्या आसपास लाकूड बसतं. चिराई, रंधा आणि पांढरं काढून टाकणं धरून ५ घनफूट आणावं लागलं. पांढरं न काढणारा सुतार हाच पलंग चारात बसवून स्वस्तात देईल, ते ग्राहकाला कळावं म्हणून सांगतो.

पायाच्या तळाची रीत सविस्तर सांगतो, कारण बहुतेक पलंग तिथून जातात. लाकडाच्या उभ्या नळ्या तळाला उघड्या असतात, त्या पाणी वर ओढतात. तळाच्या चारी कडा पाव सुताने (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तिरप्या मारायच्या, म्हणजे ओढताना लाकूड फुटत नाही. मग पातळ इपॉक्सीचे, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेचे, दोन हात. पहिला हात पूर्ण आत जिरतो, दुसरा वर थर धरतो. त्यावर १० मिलिमीटर जाडीची नायलॉनची चकती, पायापेक्षा चारी बाजूंनी पाव इंच आत, दोन स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी. चकती पायाएवढीच केली तर कडेशी पाणी अडकतं. ओरखडे नकोत म्हणून लोक फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाच्या, चकत्या चिकटवतात, तो तर वातीचा प्रकार झाला, पाणी धरून ठेवणारा. पितळी टोपणं दिसायला देखणी, पण त्यातही लोखंडी पायाच्या प्लास्टिकच्या टोपीसारखंच पाणी साठतं. मधल्या दोन पायांना एम१० चा, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा, फिरता बोल्ट लावला, कारण जुन्या फरशीला लेव्हल नसते आणि मधला पाय अधांतरी राहिला तर वासा वाकतो. पट्टीखाली १० इंच मोकळं ठेवलं: केरसुणी, पोछं आणि हवा तिन्ही आरपार जायला.

उशाकडचे आणि पायथ्याचे सांधे कुसू-खाचेचे, वॉटरप्रूफ गोंद लावून. लांब पट्ट्या मात्र सुटणाऱ्या ठेवल्या, एम८ चे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि आडवे गोल नट घालून. वॉशर ३० मिलिमीटर व्यासाचे. लहान वॉशर घातला तर पावसाळ्यात फुगलेलं लाकूड त्याच्याखाली चेपतं आणि उन्हाळ्यात आकसलं की बोल्ट ढिला पडून पलंग करकरतो. मग लोक बोल्ट जीव खाऊन आवळतात, पुढच्या पावसात लाकूड आणखी चेपतं. डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा, हाताला लागेल इतकंच आवळायचं. लोखंडी स्क्रू एकही नाही. सागासारख्या, आईनासारख्या लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की ओल मिळताच काळा डाग पडतो आणि स्क्रूभोवतीचं लाकूड मऊ होतं. स्क्रू सहज जावा म्हणून साबण घासायची आपली जुनी खोड आहे, तीही सोडावी. साबण ओल ओढतो. मेणबत्ती घासा.

पॉलिश मुद्दाम दसऱ्यानंतर केलं. भर पावसात मेलामाइनचं पॉलिश मारलं की दुधासारखं पांढरं पडतं. स्पिरिट पॉलिश आमच्या हवेला नकोच, ओला पेला ठेवला तरी गोल डाग. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात दिले, पट्ट्यांच्या खालच्या अंगालाही. एकच बाजू बंद केली तर दुसरीकडून ओल आत येते आणि फळी वाटीसारखी वळते. मुलाने विचारलं, काजूच्या टरफलांचं तेल का नको, वाशांना तर तेच लावतात. वाशांवर कोणी पाठ टेकून झोपत नाही; ते तेल अंगाला लागलं तर फोड येतात.

उशाकडची फळी १८ इंच रुंद. ती चौकटीच्या खोबणीत सुटी ठेवली, गोंदाचा थेंबही नाही. मेमध्ये १२ टक्के पाणी असलेलं लाकूड ऑगस्टात १८ वर जातं, तेव्हा एवढ्या रुंदीत आडवं चिरलेलं साग जवळजवळ ५ मिलिमीटर वाढतं. त्याला जागा दिली नाही तर ते चौकटीचा कोपरा फोडून जागा करून घेतं. फळीचं पॉलिश चौकटीत बसवण्याआधी कडांपर्यंत करून घ्यायचं असतं. नंतर केलं तर उन्हाळ्यात फळी आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उघडी पडते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. मेस्त्री, उशाकडच्या फळीला कडेने फट दिसतेय. म्हटलं, रेघ पांढरी आहे की पॉलिशची? पॉलिशची. मग ती फट पावसासाठी ठेवलेली आहे, तिच्यात काही भरू नका.