दुसऱ्या सिलिंडरचा धूर

इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे नोझल तपासायचं आणि दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. नोझल टेस्टरवर, म्हणजे फवारा तपासायच्या यंत्रावर, उत्तम आणि इंजिनावर बेकार, अशी केस आमच्या धंद्यात क्वचितच येते. आली की मात्र रात्री जेवतानाही तीच डोक्यात घोळत राहते. ही त्यातलीच एक.

ट्रॅक्टर दिग्रसजवळच्या एका गावचा. ४५ एचपी, तीन सिलिंडर, जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाचा. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती. रोटाव्हेटर जमिनीला टेकला की सायलेन्सरमधून काळा धूर, आणि लोड घेतला की इंजिन बसायचं. मालक साठीच्या पुढचे एक काका. बाकावर न बसता उभ्या उभ्याच बोलत होते.

"भाऊ, घरचा ट्रॅक्टर असून भाड्याचा रोटाव्हेटर सांगा लागून राह्यला. वावरातली ओल चालली न बाप्पा. तिन्ही नोझल नवे टाकले, पंप खोलला, तरी धूर तसाच. आता इंजिनच उतरवा म्हणते लोक."

इंजिन उतरवायचं म्हणजे लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, रिंगा, सगळंच आलं. ऐन पेरणीत हा खर्च म्हणजे बियाण्याचे पैसे गेले.

मी आधी ऑइलची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. काकांच्या सोबतचा पोरगा म्हणाला, "ऑइल तं कमी होतच नाही भाऊ, उलट वाढून राह्यलं." ते त्याला चांगलं लक्षण वाटत होतं. बोटावर घेतलं तर ऑइल पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. म्हणजे कुठल्या तरी सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नव्हतं, लायनरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. असंच चाललं असतं तर महिन्याभरात बेअरिंग गेलं असतं.

कोणता सिलिंडर, हे शोधायची जुनी रीत आहे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करायचा. (हे फक्त अशा जुन्या पंपाच्या इंजिनावर. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या नोझलना प्रचंड दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीवर चालू इंजिनात नटाला हातही लावायचा नाही.) पहिला ढिला केला, इंजिन लंगडं झालं. तिसरा केला, तसंच. दुसरा केला तर आवाजात फारसा फरक नाही, पण धूर मात्र बराच उतरला. चोर सापडला असं वाटलं.

दुसऱ्याचा नोझल काढला. टोकावर ओलसर काजळी, आणि तीही एका अंगाला जास्त. खोलून धुतला. बॉडी आणि तिच्या आतली सुई, म्हणजे निडल, यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणून ही जोडी कारखान्यातच एकमेकांसाठी घासून लावलेली असते; एकाची निडल दुसऱ्यात घालायची नाही. निडल डिझेलमध्ये बुडवून बॉडीत घातली, तिसरा हिस्सा वर ओढून सोडली. आपल्याच वजनानं, न अडकता, सावकाश खाली बसली. हे बघायला मला आजही आवडतं. लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये डिझेलचा पापुद्रा तेवढा राहतो, आणि तोच वंगणाचं काम करतो.

टेस्टरवर लावला. २०० बारच्या थोडं वर फुटला, म्हणजे जिथं फुटायला हवा तिथंच. आवाज करकरीत, फवारा धुक्यासारखा, चारही छिद्रांतून सारखा, टोकाला थेंब नाही. पोरगा फवाऱ्यासमोर बोट न्यायला लागला तसा मी त्याचा हात धरून मागे ओढला. या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आतून मांस सडतं, आणि ताबडतोब ऑपरेशन झालं नाही तर बोट कापायची पाळी येते. नोझलच्या दुकानात हे प्रत्येकाला सांगितलंच पाहिजे.

तर नोझल निर्दोष. खात्रीसाठी पहिल्याचा नोझल दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा पहिल्यात टाकला. धूर जागचा हलला नाही, दुसऱ्या सिलिंडरमध्येच राहिला. पंपातून त्या पाइपला येणारं डिझेल बाकीच्यांइतकंच होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं; तेही तिन्हीचं जवळपास सारखं. म्हणजे रिंगा-व्हॉल्व्ह ठीक, इंजिन उतरवायची गरज नाही. काकांना तेवढं सांगितल्यावर ते पहिल्यांदा बाकावर बसले.

इथं थोडं इंजेक्टरच्या, म्हणजे नोझल ज्याच्या टोकाला असतो त्या पूर्ण भागाच्या, रचनेबद्दल सांगतो, कारण गाठ तिथंच होती. २००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांवर, एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला १००० वेळा डिझेल सुटतं. पूर्ण लोडवरही एका वेळचं डिझेल डोळ्यात घालायच्या औषधाच्या एका थेंबाएवढं, आणि ते सुटायला मिळतात सेकंदाचे दोन-तीन हजारांश. तेवढ्यात त्या थेंबाचं धुकं होऊन, हवेत मिसळून, पेटलं पाहिजे. रुडॉल्फ डीझेलच्या १८९७ च्या इंजिनात हे काम दाबलेल्या हवेच्या झोतानं व्हायचं, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. पुढे बॉशनं १९२७ मध्ये पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं, तेव्हा कुठे डिझेल इंजिन ट्रकमध्ये आणि पुढे ट्रॅक्टरमध्ये बसण्याजोगं झालं. आपल्याकडे बेंगळुरूची मायको ही कंपनी १९५१ ची. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण आमच्या काउंटरवर गिऱ्हाईक अजूनही "मायकोचा नोझल द्या" असंच म्हणतं. नोझल बनतात ते आपल्या नाशिकच्या कारखान्यात.

पण फवारा चांगला असणं ही अर्धीच गोष्ट. तो पडतो कुठे, हे इंजेक्टर आखणाऱ्यानं पिस्टन समोर ठेवून ठरवलेलं असतं. पिस्टनच्या डोक्यावर वाटी असते आणि फवाऱ्याची प्रत्येक धार त्या वाटीतच जायला हवी. अशा दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये इंजेक्टर मधोमध बसत नाही, तिरपा बसतो. म्हणून चारही छिद्रं वेगवेगळ्या कोनात पाडलेली असतात, आणि इंजेक्टर फिरू नये म्हणून त्याच्या अंगाला खूण किंवा पिन असते. नोझलचं टोक हेडच्या खाली किती डोकावावं, तेही ठरलेलं. ते ठरवतो तळाचा तांब्याचा वॉशर. लोकांना वाटतं वॉशर फक्त गॅस अडवायला आहे. तो गॅस अडवतोच, पण नोझलची उंचीही त्याच्याच जाडीवर असते.

हे डोक्यात आलं तसा मी बॅटरी घेऊन दुसऱ्या सिलिंडरच्या भोकात डोकावलो. तळाशी सगळं काळं. पहिल्याच्या भोकात डोकावलो, तेही काळंच. डोळ्यांवर विश्वास न ठेवता खोली मोजायचा गेज काढला. पहिला आणि तिसरा सारखे भरले. दुसरा दीड-दोन मिलिमीटर उथळ.

जुना वॉशर आतच होता! कोणीतरी नोझल बदलताना तो सीटला, म्हणजे भोकाच्या तळाच्या बैठकीला, चिकटून राहिलेला पाहिला नाही आणि त्याच्यावर नवा टाकून घट्ट आवळला. दोन वॉशरमुळे गॅस कुठेच लीक नव्हता, म्हणून शंका यायलाही जागा नव्हती. फक्त टोक एका वॉशरच्या जाडीइतकं वर सरकलं होतं. धारा वाटीत जायच्या ऐवजी वाटीच्या काठावर आणि हेडच्या तळावर आपटत होत्या. काही डिझेल गार पत्र्याला लागून काजळी होत होतं, काही भिंतीवरून ऑइलमध्ये उतरत होतं. त्यानंतर कितीही नवे नोझल टाकले तरी ते त्याच चुकीच्या जागी बसत होते. काकांनी आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. त्यातल्या कोणाच्या हातून हे झालं ते विचारलं नाही. पण त्या पायी एका शेतकऱ्याचे नोझल, पंप आणि पेरणीचे दिवस गेले, याचा राग मला तेव्हाही आला आणि आजही येतो.

वॉशर काढणं नाजूक काम, कारण कचरा आत पिस्टनवर पडायला नको. पिस्टन वर आणला, आटे पाडायच्या टॅपला ग्रीस लावून हलक्या हातानं वॉशरच्या भोकात फिरवला आणि सरळ वर ओढला. काळा, चपटा झालेला वॉशर टॅपसोबत बाहेर आला. तो फडक्यानं पुसून काकांच्या तळहातावर ठेवला.

"इतल्याशा चकतीनं?" ते म्हणाले. मग पोराकडे वळून, "आन् आपण इंजिन उतरवाले निघालो होतो."

सीट साफ केली, तिन्ही ठिकाणी नवे वॉशर टाकले, प्रत्येकाची खोली पुन्हा मोजली आणि नट टॉर्क रेंचनं कसले. ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगितलं. ऑइलचे पैसे वाचवायचं काकांच्या मनात होतं, पण डिझेल मिसळलेलं ऑइल ठेवून ट्रॅक्टर सोडायला मी तयार नव्हतो. शेवटी पोरगाच जाऊन डबा घेऊन आला.

संध्याकाळी दुकानामागच्या पडीत रोटाव्हेटर लावून पाहिला. लोड येताना क्षणभर थोडा धूर, मग नाही. इंजिनचा आवाज भरीव. काका ट्रॅक्टरच्या बाजूनं चालत होते, नजर सायलेन्सरवर.

हरभरा पेरून झाल्यावर पोराचा फोन आला. पट्टी रोज बघतो म्हणाला; ऑइल खुणेवर आहे, वर चढलं नाही.