यूट्यूबवर काका भेटत नाहीत

परवा ऑफिसातल्या एकानं विचारलं, तुमची ती उपासना आता मोबाईलवर पण असते की, मग दर रविवारी सकाळी सकाळी आवरून चर्चला कशाला जाता? त्याचं काय चुकलं नव्हतं म्हणा, कारण मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं तेच करत होतो.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, चर्चला कुलूप लागलं आणि आमच्या पाळक साहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मोबाईल कशाला तरी टेकवून उपासना चालू केली, तेव्हा तो खरंच मोठा आधार होता. पण पुढं सगळं उघडलं तरी मी काय घरातनं हललो नाही. मिरजेतल्या घरी सोफ्यावर चहा घेऊन बसायचं, गाणं आवडीचं असलं तर ऐकायचं नाहीतर पुढं ढकलायचं, संदेश म्हणजे प्रवचन लांबलं की दीडच्या स्पीडवर टाकायचं, आणि मग हळूहळू आमच्या पाळकांपेक्षा भारी बोलणारे कुठले कुठले वक्ते सापडले, आणि मला वाटायला लागलं की आपलं आध्यात्मिक जीवन एकदम झकास चाललंय.

खरं कारण वेगळंच होतं, ते पण सांगून टाकतो. लॉकडाऊनच्या आधी साऊंड सिस्टिमच्या खरेदीवरनं मिटिंगमध्ये माझं एका काकांशी जोरात वाजलं होतं. ते म्हणाले, कालची पोरं हिशोब मागायला लागली, आणि मी पण नको ते बोलून बसलो. यूट्यूबवर ते काका नव्हते, मला यूट्यूबचं सगळ्यात मोठं सुख तेच.

आमची आजी साताऱ्याची. डॉ. वानलेसनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं आणि त्याच्या आधारानं कितीतरी कुटुंबं इथं येऊन स्थिरावली, त्यातलीच आजी, नर्स होती. ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनचं काम सोडून साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळे एकत्र, हे ती तिच्या वडलांकडनं ऐकलेलं सांगायची. आणि पुढं हमखास म्हणायची, "दरबार एकट्याचा असतो व्हय रं?" तेव्हा मला ते आजीचं नेहमीचं बोलणं वाटायचं.

परत गेलो तो पोरीमुळं. २०२२ चा झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा, तिला मिरवणुकीत झावळी धरायची होती आणि घरी टीव्हीसमोर झावळी हलवायला ती काय तयार होईना. म्हटलं सोडतो आणि येतो. पण दारातच "सलाम, सलाम" सुरू झालं, कुणी हात सोडेना, मग बसलो मागच्या बाकावर. मिरजेची सतार आणि तानपुरा सगळ्या देशात जातो आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पेटीचे दोन सूर वाजत नाहीत, कधीपासून ते देवाला माहीत. एक काकू नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या मागं अर्धी ओळ. सोफ्यावर दोन वर्षांत मी एकदाही तोंड उघडून गायलो नव्हतो, ऐकत होतो फक्त, आणि इथं त्या बेसूर गोंधळात माझा आवाज कधी मिसळला कळलंच नाही.

मग प्रार्थना विनंत्या. कुणाचं डायलिसिस, कुणाच्या पोराची पोलीस भरती, कुणाची बारावी. तिसऱ्या बाकावरच्या काकूंचं नाव आलं, नवरा जाऊन सहा महिने झाले म्हणून. ती बातमी ग्रुपवर आली तेव्हा मी हात जोडलेला इमोजी टाकला होता आणि विसरलो होतो. बाई समोर बसलेली, एकटी, शेजारची जागा तशीच मोकळी. मला मान वर करता येईना.

मंडळी म्हणजे सगळं गोड असतं असं मुळीच नाही. गटबाजी आहे, चुगल्या आहेत, पंचांच्या निवडणुकीत तर ग्रामपंचायतीला लाजवतील असे डाव चालतात. पण हे काय आजचं नाही. पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जमलेली माणसं, कुणी उपाशी तर कुणी पिऊन तर्र, असं बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलच लिहितो. मला गंमत वाटते ती पुढं. एवढं होऊन तो त्यांना आपापल्या घरी बसा म्हणत नाही, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा म्हणतो. जे अंथरुणाला खिळलेत त्यांना मोबाईलवरची उपासना लागतेच, आणि पाळक त्यांच्याकडं प्रभुभोजन घेऊन घरी जातात पण. मी मात्र धडधाकट होतो, फक्त एका माणसाला टाळत होतो.

पुढच्या प्रभुभोजनाला ते काका नेमके माझ्या शेजारी गुडघे टेकून. वेदीपाशी भेट ठेवून आधी भावाशी समेट कर, हे येशूचं वचन मी सोफ्यावर तीन तरी वक्त्यांकडनं ऐकलं असेल, फार सुंदर समजावलं होतं सगळ्यांनी. पण सोफ्यावर शेजारी भाऊच नव्हता ना. काकांचा कप धरलेला हात थरथरत होता, पूर्वी तसा नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनीच विचारलं, "काय रं, मागं आवाज नीट येतो का?"

"शिट्टी मारतोय काका."

"मारणारच की, स्वस्तातला घेतलाय," म्हणाले आणि स्वतःच हसले. माफी त्यांनी मागितली नाही, मी पण नाही.

गेल्या हंगामाच्या सणाला अर्पणातल्या वस्तूंचा लिलाव होता, गूळ, हळद, द्राक्षं, दोन कोंबड्या आणि एक हा एवढा लाल भोपळा. भोपळ्यावर मी बोली लावली की काका वाढवायचे, काकांनी लावली की मी, पोरं नुसती ओरडत होती. शेवटी अकराशेला काकांनी घेतला. संध्याकाळी त्यांचा नातू अर्धा भोपळा पिशवीत घालून आमच्या दारात हजर, आणि वर निरोप, आजोबांनी साडेपाचशे मागितलेत.