साडेपाचशे डिग्रीवर लाइट गेली

मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन काढायला कारखान्यात निकेलच्या उत्प्रेरकावर 800-900 डिग्री तापमान लागतं. आमच्या रिअॅक्टरला 550 पुरतं, कारण तयार झालेला हायड्रोजन आम्ही तिथल्या तिथे बाहेर ओढतो. सिरॅमिकच्या नळीवर पॅलेडियमचा काही मायक्रॉनचा थर असतो. त्यातून पलीकडे जातो तो फक्त हायड्रोजन. तो निघून गेला की समतोल साधतच नाही, आणि मिथेन फुटत राहतो.

त्या दिवशी आकडे झकास येत होते आणि दुपारी लाइट गेली. फर्नेस बंद, वाफेचा पंप बंद, एक्झॉस्टही बंद. यूपीएसवर गॅसचे कंट्रोलर तेवढे चालू, म्हणजे मिथेन मात्र सुखेनैव वाहतोय! वाफेशिवाय मिथेन तापलेल्या निकेलवर गेला की कार्बन साठतो आणि उत्प्रेरकाची वाट लागते.

"ताई, आधी काय बंद करू?" ज्युनिअर ओरडला.

"व्हरांड्यातला मिथेनचा सिलिंडर. आणि येताना खिडक्या उघड."

खरी धास्ती पॅलेडियमची होती. हा धातू हायड्रोजन पितो हे थॉमस ग्रॅहमनं 1866 मध्येच दाखवलं होतं. आमचं पोट त्याच गुणावर चालतं, पण साधारण 300 डिग्रीच्या खाली तोच गुण अंगाशी येतो. हायड्रोजन आत असताना तापमान उतरलं तर हायड्राइड (पॅलेडियम-हायड्रोजनचं संयुग) बनतं, धातू दहा टक्क्यांच्या आसपास फुगतो आणि थराला तडे जातात. सिरॅमिक काही त्याच्याबरोबर फुगत नाही.

म्हणून आतला हायड्रोजन हुसकायला आर्गॉन या निष्क्रिय वायूची बायपास लाइन हातानं उघडली, नळीच्या दोन्ही बाजूंनी, आणि अगदी हळू. एका बाजूला दाब चढला तर थर सुटायचा. जीसी, म्हणजे वायूंचं मिश्रण तपासणारं यंत्र, बंद, त्यामुळे हायड्रोजन संपला की नाही हे कळायला मार्ग नाही. थर्मोकपलचा आकडा उतरताना बघत उभे राहिलो. 400. 350. आर्गॉन चालूच ठेवला, पार थंड होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी नायट्रोजननं लीक टेस्ट घेतली. पलीकडच्या बाजूला साबणाच्या फुग्याच्या मीटरमध्ये फुगा जागचा हलला नाही, म्हणजे गॅस झिरपत नव्हता. थर शाबूत!

23 टक्के चांदी मिसळली तर हे दुखणं बरंचसं टळतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दोन्ही धातू एकाच द्रावणातून चढवायला गेलं की चांदी आधी बसते आणि थर खडबडीत होतो. म्हणून आता एकावर एक थर चढवून भट्टीत मुरवायचं ठरलंय. तोवर आर्गॉनच्या लाइनला नवा व्हॉल्व्ह बसवलाय, लाइट गेली की आपोआप उघडणारा.