उघडलेली जोती

आमच्या ऑफिसात शिरताच भिंतीवर एका बेटाचा नकाशा दिसतो. नाशिकमध्ये बेट कुठून आलं, असं नवा माणूस हमखास विचारतो.

२०११ साली गंगापूर रोडवरच्या एका खोलीत मी आणि धाकट्या भावाने काम सुरू केलं. मी लँडस्केपचं बघते, तो बांधकामाचं. पाच-सहा वर्षं बंगल्यांच्या बागा केल्या, द्राक्षबागांतली विश्रामगृहं केली. त्यावर घर चाललं.

मग इगतपुरी तालुक्यातल्या एका गावचे सरपंच आले. त्यांचं जुनं गाव धरणात गेलेलं, गावठाणाची टेकडी तेवढी वर राहिलेली. धरण भरलं की तिचं बेट होतं. वर मारुतीचं पडकं देऊळ, एक वड, घरांची काळ्या दगडाची जोती आणि सगळीकडे माजलेली घाणेरी. "जत्रेला माणसं येतात, त्यांना टेकायला जागा करून द्या," एवढंच त्यांचं मागणं.

त्या दिवसांत आम्ही जपानच्या इनुजिमा बेटाबद्दल वाचत होतो. तिथला तांबं शुद्ध करण्याचा कारखाना १९०९ मध्ये सुरू झाला आणि भाव कोसळल्यावर दहा वर्षांत बंद पडला. २००८ मध्ये हिरोशी सांबुइची या वास्तुरचनाकाराने त्या अवशेषांतच कलादालन उभारलं. जुनं धुराडं ठेवलं, आणि आत हवा खेळवायला त्याच्याच ओढीचा उपयोग केला. आमच्याकडे तर सिमेंटची एकेक गोणी होडीने न्यावी लागणार होती. म्हणून बेटावर पडलेलाच दगड वापरायचा, कोरडी रचाई करायची, असं ठरवलं.

परवानग्यांत चौदा महिने गेले. पहिल्या वर्षीची दोनशे रोपं पाण्याखाली कुजली. आम्ही मे महिन्यात नजरेच्या अंदाजाने लावली होती. शेवटी एका म्हाताऱ्या मासेमाराने कातळावरचा गाळाचा पांढरट पट्टा दाखवला, त्यावरून लेव्हल घेतली. पट्ट्याखाली वाळा, वाळुंज आणि बाभूळ. वर जांभूळ, करंज, आपटा. वाळ्याच्या मुळांनी लाटांनी खचणारा काठ धरून ठेवला. पूर्वेचं टोक मुद्दाम मोकळं सोडलं. नांदूर मध्यमेश्वरला गाळाच्या उंचवट्यांवर पक्षी कसे विसावतात ते आम्ही पाहिलं होतं (राज्यातलं ते पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा; २०२० मध्ये तशी घोषणा झाली).

तीन जोती जोडून एक मोठा ओटा करायचा, असं ड्रॉइंगमध्ये होतं. जत्रेला आलेल्या एक आजी मधल्या जोत्यावर थेट कोपऱ्यात जाऊन बसल्या. "इथं आमची चूल होती," म्हणाल्या. त्याच रात्री भावाने ड्रॉइंग बदललं. आता प्रत्येक जोतं वेगळं आहे आणि उंबऱ्याचा दगड जिथल्या तिथे. माणसं आपापल्या घरात बसून जेवतात.

आज आम्ही सहा जण आहोत. येत्या मेमध्ये पाणी उतरलं की दुसऱ्या एका गावठाणाची मोजणी करायची आहे. तिथली घरं कुठे होती ते सांगू शकणारी माणसं सध्या शोधतोय.