रास विचारणारा बाउन्सर

बायकोला मँचेस्टरमध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि 2022 मध्ये मी तिच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर इथे आलो. मिरजेत मी औषधांच्या होलसेल दुकानाचे हिशेब सांभाळायचो. इथे अकाउंट्सच्या नोकरीसाठी अर्ज टाकत बसलो. सगळीकडून एकच उत्तर यायचं, यूकेतला अनुभव हवा. कुणी कामावर घेतल्याशिवाय तो येणार कुठून, हे विचारायची सोय नव्हती. शेवटी बायकोच्या वॉर्डातल्या एका पोर्टरने माझा फोटो बघून तिला विचारलं, "एवढा धिप्पाड नवरा घरी कशाला बसवून ठेवलायस?" तो स्वतः शुक्रवार-शनिवार एका क्लबच्या दारावर उभा राहायचा.

वेळ माझ्या पथ्यावर पडली. कोविडनंतर इंग्लंडमधले नाइटक्लब 19 जुलै 2021 ला उघडले तेव्हा दारावरची माणसं पुरेनात. बंदीच्या काळात बरेच जण डिलिव्हरीच्या नाहीतर गोदामाच्या कामाला लागले होते, ते परत आलेच नाहीत. मी पोचलो तेव्हाही मागणी होतीच.

पण इथे नुसते दंड दाखवून बाउन्सर होता येत नाही. 2001 च्या कायद्यानुसार सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटीचं, म्हणजे एसआयएचं लायसन्स लागतं आणि त्याशिवाय दारावर उभं राहणं हा गुन्हा आहे. आधी प्रथमोपचाराचा कोर्स, मग डोअर सुपरवायझरचा. त्यात एखाद्याला इजा न करता धरायचं कसं हे शिकवतात खरं, पण त्याहून जास्त वेळ जातो तो तापलेल्या माणसाशी बोलायचं कसं यात. हात उघडे ठेवायचे, समोर न उभं राहता थोडं तिरकं उभं राहायचं, आवाज त्याच्यापेक्षा खाली. गेल्या पाच वर्षांत ज्या परदेशात सलग सहा महिने राहिलात तिथला पोलीस दाखलाही द्यावा लागतो, म्हणून माझं भारतातलं पीसीसी आलं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला. मी अर्ज केला तेव्हा फी 184 पौंड होती, लायसन्स तीन वर्षांचं. एजन्सीने घेतलं, दंडावर लायसन्सची पट्टी लागली आणि आईने गल्लीत सांगून टाकलं की मुलगा सिक्युरिटी ऑफिसर झाला.

या शहरात दाराला इतिहास आहे. हासिएंडा हा इथला जगप्रसिद्ध क्लब 1982 मध्ये सुरू झाला आणि 1997 मध्ये बंद पडला. पैशाची चणचण होतीच, पण टोळ्यांनीही त्याला बेजार केलं होतं. कोणाचा माणूस दारावर, त्यावर आत कोणाचा धंदा चालणार ते ठरायचं. आमचा हेड डोअरमन त्या काळातला. तो लायसन्सच्या नावाने बोटं मोडायचा आणि त्याच दमात म्हणायचा की लायसन्स आलं म्हणून मी जिवंत आहे.

काम म्हणजे उभं राहणं. खिशात क्लिकर, आत गेला की एक टिचकी, बाहेर आला की दुसरी, कारण आत किती माणसं आहेत हे कुठल्याही क्षणी सांगता आलं पाहिजे. दारू विकत घ्यायचं वय 18, पण जो पंचविशीच्या आतला दिसेल त्याच्याकडे ओळखपत्र मागायचं, असा सर्वसाधारण रिवाज. खोटं किंवा मोठ्या बहिणीचं कार्ड ओळखायला डोळ्यांइतकेच प्रश्न लागतात. जन्मतारीख सगळे पाठ करून येतात. म्हणून हेड डोअरमनने मला शिकवलं, रास विचार. इथली रास जन्मतारखेवरूनच ठरते. जिची तारीख खरी आहे ती पटकन सांगते. जी उसनं कार्ड घेऊन आलीय ती थबकते, मैत्रिणीकडे बघते, मनातल्या मनात महिने मोजते.

झालं. मिरजेचा माणूस मँचेस्टरमध्ये, रात्री अकरा वाजता, पावसात, रांगेतल्या एकेका मुलीला गंभीर चेहऱ्याने विचारतोय, "तुमची रास काय?" आमच्याकडे यापुढचा प्रश्न गोत्राचा असतो. मी त्या रात्री एकटाच हसत होतो आणि कोणाला सांगावं ते कळत नव्हतं.

सांगायची जागा सापडली ती दुसऱ्या शिफ्टमुळे. आठवड्याच्या मधल्या दिवशी एजन्सी मला एका पबमध्ये पाठवायची. तिथे वरच्या खोलीत ओपन माइक, म्हणजे कोणीही येऊन विनोद करून बघायचा कार्यक्रम, चालायचं आणि मी जिन्याच्या तोंडाशी उभा. कॉमेडी शिकायची याहून चांगली जागा मला माहीत नाही. प्रेक्षक विनोद एकदा ऐकतो. मी तेच लोक, तेच विनोद पुन्हा पुन्हा ऐकत होतो. एक जण दर वेळी एका वाक्यावर आपटायचा. एका रात्री त्याने त्यातले शेवटचे तीन शब्द काढून टाकले आणि खोली फुटली. मी टाळ्या वाजवणार होतो, पण ड्युटीवर होतो.

पुढचं पाऊल टाकण्याआधी मी व्हिसाचे नियम वाचले, आणि हे इथल्या मराठी पोरांसाठी मुद्दाम लिहितोय. मी डिपेंडंट असल्यामुळे मला कुठलीही नोकरी करता येते, स्वतःचा धंदाही करता येतो. व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक तेवढं होता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर तसं नाही. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा, स्वतंत्र व्यवसाय बंद, आणि करमणूक करणारा कलाकार म्हणून काम करायलाही मनाई. मास्टर्स करणाऱ्या एका पोराला पैसे घेऊन दहा मिनिटं करायची हौस आली होती, त्याला मीच दंडाला धरून थांबवलं. तेवढं प्रशिक्षण माझं झालेलं होतं.

सुरुवातीचे विनोद मी घरी बायकोला ऐकवले. उच्चार, थंडी, बेचव जेवण, गोऱ्यांना न जमणारं माझं नाव. ती रात्रपाळीहून आलेली, चहा पीत म्हणाली, "हे सगळं त्यांना आधीच माहितीय रे. दुसऱ्या कोणी केलंय. ती राशीची गंमत का नाही सांगत?" मी म्हणालो, ती दारावरची गोष्ट आहे. "मग तू कुठे असतोस?"

तिथून धागा सापडला. दोन वर्षांत माझ्या आयुष्यात दोन दारं आली होती. पहिल्या दारावर, विमानतळावर, मी रांगेत आणि काउंटरमागचा माणूस विचारतोय, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, सोबत कोण आहे. दुसऱ्या दारावर तेच प्रश्न मी विचारतोय आणि रांगेत ते आहेत. कागद माझ्या हातात, ते थंडीत कुडकुडत हसतमुख राहायचा प्रयत्न करताहेत. व्हिसाच्या मुलाखतीत माणूस जसा उगाच नम्र होतो, तसा रात्री बारा वाजता इथला प्रत्येक माणूस माझ्यासमोर नम्र होतो. हे मी सोडून त्या खोलीत कोणी सांगू शकणार नव्हतं.

मँचेस्टरच्या ओल्डहॅम स्ट्रीटवर फ्रॉग अँड बकेट नावाचा कॉमेडी क्लब आहे. पीटर के, जॉनी व्हेगास, जॉन बिशप ही मंडळी सुरुवातीच्या काळात तिथे उभी राहिलेली. तिथे सोमवारी 'बीट द फ्रॉग' असतं. नवख्याला पाच मिनिटं तग धरायची. प्रेक्षकांतल्या काही जणांच्या हाती कार्डं देतात, ती सगळी वर झाली की संगीत वाजतं आणि तुम्ही खाली. म्हणजे साध्या भाषेत, प्रेक्षक बाउन्सर आणि तुम्ही बाहेर.

पहिल्यांदा मला दोन मिनिटांच्या आत काढलं. मला अपमान वाटला नाही, मला त्यांच्या कामात खोट दिसली. माणसाला बाहेर काढायचं तर त्याला कारण सांगायचं असतं! हे मी खाली उतरताना माइकशिवाय मोठ्याने बोललो आणि रात्रीतलं माझं सगळ्यात मोठं हसू तिथे मिळालं. निवेदकाने नंतर बारपाशी गाठून सांगितलं, "पुढच्या वेळी तिथून सुरुवात कर."

पुढच्या वेळी काळं जाकीट आणि दंडावर पट्टी असा वर गेलो. लायसन्सचं कार्ड काढून खिशात ठेवलं होतं, ते ड्युटीसाठी. माइक स्टँडमधून न काढता पहिल्या रांगेतल्या एका पोरीकडे बघून फक्त विचारलं, "रास?" ती म्हणाली, "तूळ." मी मान हलवली, "माझ्या देशात एवढं झालं की आता दोन्हीकडचे आईवडील भेटतात." शेजारी तिचा मित्र होता. त्याला विचारलं, "आणि तुम्ही कोण, मुलीकडचे का?" कार्डं वर गेली नाहीत. पाच मिनिटं पूर्ण झाली. त्या रात्री जिंकला दुसराच, पण माझं काम झालं होतं.

इथून पुढचा रस्ता लांबच लांब आणि बराचसा फुकट आहे. पाच मिनिटांच्या ओपन स्पॉटला पैसे नसतात. ते जमले की दहा मिनिटं, तीही बहुतेकदा फुकट. मग कधीतरी पैशाची वीस. काही ठिकाणी सोबत प्रेक्षक म्हणून मित्र आणायची अट असते. परदेशातून आलेल्या माणसाने सोमवारी संध्याकाळी दर वेळी नवा मित्र कुठून आणायचा? असले कार्यक्रम मी सोडून दिले. प्रेक्षकांच्या पाठीमागे लाल दिवा लागला की वेळ संपत आली, तेव्हा उतरायचं. विनोद रंगात आलाय ही सबब चालत नाही, आणि जो दिवा पाळत नाही त्याला परत बोलावत नाहीत. प्रत्येक वेळी फोनवर रेकॉर्ड करायचं आणि परतताना ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकणं हा या धंद्यातला सर्वात वाईट भाग आहे, प्रेक्षकांच्या शांततेहून वाईट.

आणि गाडी. नवख्याला विनोदापेक्षा गाडीमुळे जास्त कामं मिळतात. लीड्स, शेफील्ड, स्टोक, रात्री परत यायला ट्रेन नसते, मग मोठ्या कलाकाराला जो घेऊन जातो त्याला तिथे पाच-दहा मिनिटं मिळतात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आलेल्याला 12 महिनेच गाडी चालवता येते, म्हणून मी वेळेत इथली परीक्षा दिली. मोटारवेवर शेजारी बसलेल्या अनुभवी माणसाकडून मी जे शिकलो ते कुठल्याही कोर्समध्ये नव्हतं. बहुतेकदा ते पैसे वेळेवर कोण देत नाही याबद्दल असायचं.

एडिनबरालाही जाऊन आलो. तिथला फ्रिंज हा नाटक-कॉमेडीचा महोत्सव 1947 मध्ये कसा सुरू झाला माहितीय? मोठ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाला आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसताना येऊन धडकल्या आणि त्यांनी शहरात मिळेल तिथे प्रयोग लावले. म्हणजे ऑगस्टमध्ये गावभर भरणारा हा सोहळा मुळात रांग मोडून घुसलेल्यांचा. माझा प्रयोग फुकट प्रवेशाचा, शेवटी दाराशी बादली घेऊन उभं राहायचं. दाराशी उभं राहायची सवय मला होती, पण इथे लोकांना बाहेर जाताना थांबवायचं होतं. दोन्ही पाय जरा फाकवून, तिरका उभा राहिलो. इतरांपेक्षा माझी बादली बरी भरायची, कारण काय ते मी विचारलं नाही.

पैसे सुरू झाले तसं एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे, सोल ट्रेडर म्हणजे एकट्याने धंदा करणारा म्हणून नोंदणी केली. वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतच्या अशा कमाईला नोंदणी लागत नाही, त्यावर गेलं की लागते. इथलं करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं आणि ऑनलाइन विवरण पुढच्या 31 जानेवारीपर्यंत. हिशेबनीस असल्याचा मला या देशात झालेला पहिला फायदा हाच. आता कॉमेडी सर्किटवरचे निम्मे लोक जानेवारीत पावत्यांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात.

खरी अडचण वेगळीच निघाली. क्लबची कमाई शुक्रवार-शनिवारी आणि कॉमेडीची कमाईही शुक्रवार-शनिवारी. काही महिने मी आठ वाजता एका जागी हसवून दहाला दुसऱ्या जागी दारावर उभा राहायचो, आणि एका रात्री रांगेतल्या टोळक्याने ओळखलं. "अरे, हा तो राशीवाला!" एकाने तर ओळखपत्र न काढता नुसतंच 'वृश्चिक' म्हणून आत शिरायचा प्रयत्न केला. हसवणाऱ्या माणसाच्या 'नाही'ला वजन राहत नाही. हेड डोअरमनने बाजूला घेऊन सांगितलं, भावा, एक काहीतरी निवड. मी शनिवार सोडले, मग शुक्रवारही.

लायसन्स मात्र सोडलं नाही. एप्रिल 2025 पासून नूतनीकरणासाठी रिफ्रेशर कोर्स लागतो, तोही केला. ख्रिसमसनंतर कॉमेडीची कामं आटतात आणि टॅक्स भरायची तारीखही नेमकी त्याच महिन्यात, तेव्हा जानेवारीत एजन्सीला फोन करतो. ते मला दुसऱ्या भागातल्या क्लबवर पाठवतात, जिथे मला कोणी ओळखत नाही. तिथे मी पोस्टकोड विचारतो.