मामाचं पोतं आणि प्रोटॉनचं वजन

परवा व्हिडिओ कॉलवर मामा सांगलीच्या मार्केट यार्डातनंच बोलत होता, मागं हळदीचे सौदे चाललेले, काट्यावर पोती चढतायत, आणि त्यानं नेहमीचंच विचारलं, "तिकडं जर्मनीत नक्की काय करतीस गं?" यावेळी मी म्हटलं, मामा समज, काट्यावर शंभर किलो भरलेलं पोतं उघडलंस आणि आत हळद निघाली एकच किलो. प्रोटॉनचं तसंच आहे. त्याचं वस्तुमान ९३८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वजन मोजायचं आमचं माप) आणि तो ज्या बारक्या कणांचा बनलाय त्या आतल्या तीन क्वार्कांची बेरीज जेमतेम ९.

मामा जरा थांबला. "मग बाकीचं वजन कशाचं?"

बास, याच्यासाठीच तर मी डार्मस्टाटला आलेय! ढोबळ उत्तर माहितीय, क्वार्कना बांधून ठेवणारा स्ट्राँग फोर्स, तो फोर्स वाहून नेणारे ग्लुऑन नावाचे कण आणि आत सुसाट पळणारे क्वार्क यांची ऊर्जा, तेच वजन. पण ही बांधणी नेमकी कशी चालते ते समजायला वेगवेगळे कण बनवून बघावे लागतात.

तिथं अँटिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा उलट्या विद्युतभाराचा जुळा, कामाला येतो. १९५५ ला बर्कलीत सापडलेला हा कण प्रोटॉनला भिडला की दोघंही संपतात आणि त्या ऊर्जेतनं नवे कण जन्मतात. चार्म क्वार्क (क्वार्कचाच एक जड प्रकार) आणि त्याचा उलटा जुळा अँटिक्वार्क यांची जोडी म्हणजे चार्मोनियम, इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा जुळा पॉझिट्रॉन यांच्या टकरीत तिचे मोजकेच प्रकार थेट बनतात, इथं कितीतरी जास्त. अँटिप्रोटॉनच्या बीमची, म्हणजे झोताची, ऊर्जा किंचित किंचित सरकवत जायची, आजोबा रेडिओचं बटण फिरवत आकाशवाणी सांगली लावायचे ना, खरखर खरखर आणि मग एकदम स्वच्छ आवाज, तशी एका जागी बनणाऱ्या कणांची मोजणी उसळते आणि कणाचं वस्तुमान अगदी बारकाईनं हातात येतं. नुसत्या ग्लुऑनचा बनलेला कण, ग्लूबॉल, मिळाला तर काय सांगू, ज्यात हळद नाहीच असं पोतं ते!

आमच्या प्रयोगाचं नाव पांडा, डार्मस्टाटच्याच फेअर या कणांच्या टकरींच्या नव्या संशोधन केंद्रासाठी आखलेला. त्याच्या डिटेक्टरचा, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्राचा, क्रिस्टल पहिल्यांदा तळहातावर घेतला तर हात खालीच गेला. लेड टंगस्टेटचा, वीतभर लांब, काचेसारखा आरपार आणि लोखंडापेक्षा जड, जवळपास किलोभर. असे १५ हजारांवर लागतात, तेही उणे २५ डिग्रीला ठेवून, कारण कण आदळला की ते चमकतात आणि गारठ्यात जास्त उजेड देतात.

अँटिप्रोटॉन फिरवायची गोल रिंग मात्र फेअरच्या नंतरच्या टप्प्यात आहे, तोवर आमचं सिम्युलेशन आणि टेस्टिंग चालू. काल मामाचा मेसेज, "आले का गं तुझे अँटिप्रोटॉन?"

नाही मामा, अजून वाट बघतोय.