तुम्ही विचारलंत म्हणून: अनोळखी खाडीत कयाक घालण्याआधी

गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, बांधून घाट उतरलो की पेट्रोल पंपावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ह्याला इंजिन कुठे बसतं?" इंजिन नाही म्हटलं की समोरचा आधी कयाककडे बघतो, मग माझ्या पोटाकडे. त्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नाही. पण स्वतः गरवणारे, म्हणजे गळाने मासे धरणारे, लोक दुसरा एक प्रश्न विचारतात आणि तो इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा नीट लिहून टाकतो: "नवीन समुद्रात जाताना स्पॉट कसा शोधता?"

स्पॉट मी सगळ्यात शेवटी शोधतो. आधी परत कसं यायचं ते ठरवतो.

हे शहाणपण रेवदंड्याच्या चिखलात मिळालं. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पौर्णिमेचा दुसरा दिवस, दुपारी भरती पूर्ण झालेली, पाणी अगदी रस्त्याजवळ. म्हटलं, वा. दोन वाजता कयाक ढकलली, तीन-चार शिंगाळे आणि एक केंड एवढ्यावर संध्याकाळ केली आणि सूर्य बुडताना परत आलो, तर किनाराच जागेवर नव्हता. मी जिथून निघालो होतो तिथपर्यंत काळाकुळकुळीत चिखल पसरलेला. एक पाय उतरवून पाहिला, मांडीपर्यंत गेला. चप्पल अजून तिथेच असेल. काठावरून तिसऱ्या (शिंपले) काढून घरी निघालेल्या दोघी बायका थांबल्या. त्यातली मोठी ओरडली, "उतरू नको! पाणी येईपर्यंत बसून राहा." बसून राहिलो. चंद्र वर आला, डासांची जेवणं झाली, साडेनऊच्या सुमाराला कयाकखाली पाणी हललं. भरतीचं टेबल माझ्याकडे होतं. मी त्यातली फक्त निघायची वेळ पाहिली होती.

तेव्हापासून पहिला कागद भरती-ओहोटीचा. मोबाईलवर तक्ते असतातच, पण मी अजूनही आधी कालनिर्णय बघतो, कारण तिथीवरून अख्खा महिना एका नजरेत कळतो. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण. हा हिशोब मुंबईच्या आसपास बराच जुळतो. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे भरती थोडी आधी येते, म्हणून नेमक्या मिनिटांसाठी तिथल्या बंदराचा तक्ता बघायचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार सगळ्यात कमी. आणि एकाच किनाऱ्यावर हे आकडे किती बदलतात बघा: मुंबई-रायगडकडे उधाणाला पाण्याची चढउतार चार मीटरच्या पुढे जाते, मालवणकडे दोन मीटरच्या आसपास. रेवदंड्याची सवय घेऊन देवबागला गेलात तर उगाच घाबराल. उलट केलंत तर चप्पल जाईल.

दुसरा कागद वाऱ्याचा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, गुण घेतले आणि विसरलो. कयाकवर ते दोन्ही पुन्हा भेटतात. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. तुम्ही किनाऱ्यावर उभे असता, समोर पाणी ताटासारखं सपाट. सपाट दिसतं कारण वारा तुमच्या पाठीमागून, नारळीच्या आडून येतोय. लाटा उठवायला त्याला लांबी मिळते ती पुढे गेल्यावर. तुम्ही झकास वल्ही मारत जाता, वाटतं आज हात चांगला चाललाय. हात नसतो तो. वळून पाहिलं की गावातली घरं काड्यापेटीएवढी. शांत पाण्यात माझी कयाक तासाला चार-पाच किलोमीटर जाते. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा लागला तर निम्मीही नाही, आणि थांबून पाणी प्यायलात तेवढं मागे. म्हणून मतलई असताना मी किनाऱ्याला समांतर राहतो, सरळ आत जात नाही. दुपारकडे खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, आणि उन्हाळ्याकडे जाऊ तसा तो जोर धरतो. त्याच्या आधी मला वाळूत पाय लागलेले हवेत.

वारा नसतानाही लाट असते, हे देशावरच्या माणसाला पटायला वेळ लागतो. फार दूरच्या वादळाने उठवलेली फुगाई हजारो किलोमीटर चालत येते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्यासाठी लाटांचा अंदाज रोज देते, उंच लाटांचे इशारेही देते. त्यात लोक फक्त उंची वाचतात. मी उंचीइतकंच लक्ष सेकंदांकडे देतो, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते. एक मीटरची लाट सहा सेकंदांनी येत असेल तर कयाक हलते, त्रास होतो, एवढंच. तीच एक मीटर चौदा सेकंदांनी येत असेल तर बाहेर तुम्हाला काही कळणारही नाही, पण खाडीच्या तोंडावरच्या रेवेवर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, ती उभी राहते आणि भिंत कोसळावी तशी कोसळते.

रेवेची गोष्ट देवबागची सांगतो. तिथे कर्ली नदी समुद्राला भेटायच्या आधी बराच वेळ त्याच्या शेजारून चालते. मध्ये गावाची चिंचोळी पट्टी, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या. संगमाच्या पलीकडे भोगवे. उपग्रहाच्या जुन्या-नव्या फोटोंत वाळूचे पट्टे दर वर्षी वेगळ्या जागी दिसतात. ते फोटो मी घरी रात्र रात्र बघितले होते, पांढऱ्या फेसाच्या रेघांवर खुणा केल्या होत्या. आणि तरी पहिल्या दिवशी रॉड गाडीतच ठेवला. हा माझा नियम आहे, घरच्यांना हास्यास्पद वाटतो: पाचशे किलोमीटर गाडी चालवायची आणि पहिला दिवस नुसतं बघायचं.

बघायचं म्हणजे काय, तर संध्याकाळी मासळी उतरते तिथे उभं राहायचं. आज कुणाच्या जाळ्यात काय आलं हे टोपलीत दिसतं. त्यासाठी कुणाला गुपित विचारावं लागत नाही. त्या दिवशी बांगडा भरपूर, दोन हेकरू आणि एक मध्यम तांबोशी, हे खडकातले मासे; खाडीच्या तोंडावर लागणारा चोणक एकही नाही. म्हणजे खडपाजवळ काहीतरी आहे, तोंडावर फारसं नाही. जाळी दुरुस्त करत एक आजोबा बसले होते. त्यांना मी मासे कुठे मिळतील हे विचारलं नाही. परक्याने तसं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन तिजोरी कुठे आहे विचारण्यासारखं. मी विचारलं, "आजोबा, कुठे जाऊ नको?"

यावर माणसं भरभरून बोलतात, हा माझा अनुभव आहे. त्यांनी सुई खाली ठेवली. जाळी कुठे लावलेली असतात, कुठल्या बोयांच्या आतून जायचं नाही, रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, कधी ओढतात, पर्यटकांच्या स्पीडबोटी किती वाजता सुरू होतात, सगळं. मग संगमाकडे बोट करून म्हणाले, "सुकती लागली काय तोंडार ऱ्हव नको. हयसून दिसता तसा थंय नसता." नदीचं पाणी बाहेर ओढतंय आणि समुद्राची लाट आत येतेय, अशी दोन्ही भिडली की रेवेवर पाणी उभं राहतं. काठावरून नुसता पांढरा फेस दिसतो.

मी दिवस निवडला होता शुक्ल त्रयोदशीचा. तेरा गुणिले पाऊण, पावणेदहा. मालवणकडे त्याच्या थोडं आधी भरती पूर्ण. म्हणजे उजाडताना पाणी आत येत असणार. जाताना प्रवाह उलटा, अंगात जोर असतो तोवर; येताना तोच पाठीशी. नऊपर्यंत आत, म्हणजे सुकतीही टळली आणि स्पीडबोटीही. हे गणित आजोबांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. मला शंभरपैकी शंभर मिळाल्यासारखं वाटलं.

सामानाची यादी सगळेच मागतात, पण ती कुठेही मिळते. मी दोनच गोष्टींवर भांडतो. लाइफ जॅकेट अंगात, कयाकवर बांधलेलं नाही. आणि मुद्दाम उलटून परत वर चढायचा सराव, घराजवळच्या तलावात, कपडे-बूट घालून, दमलेलं असताना. दहापैकी दहा वेळा चढता येत नसेल तर समुद्राचा विषय काढू नका.

कागदपत्रांचंही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. 26 नोव्हेंबर 2008 नंतर आपल्या किनाऱ्यावर अनोळखी होडी ही चौकशीचीच गोष्ट आहे, आणि ती असावीही. मी सागरी पोलिसांना आधी कळवतो: नाव, फोन, कयाकचा रंग, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत. परदेशी व्हिडिओ बघून उपग्रहावरून चालणारा फोन किंवा मेसेंजर आणायचा मोह होतो. परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. त्यामुळे मोबाईलची रेंज संपते तिथे माझी हद्द संपते. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर माझ्या फोनमध्ये असतो आणि घरी फ्रीजवरही चिकटवलेला असतो, खाली परतीची वेळ. त्या वेळेनंतर अर्धा तास माझा फोन आला नाही तर बायकोने काय करायचं ते ठरलेलं आहे. "उशीर होईल" असा मेसेज पाठवायची मुभा मी स्वतःला ठेवलेली नाही. आणि हो, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिकडे गळ टाकायचा विचार नको. जून-जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक होड्यांसाठी आहे, कयाकला लागू नाही असं सांगणारे भेटतात. पावसाळ्यातला दर्या एकदा बघा आणि मग सांगा.

तर त्रयोदशीची पहाट. मतलई वारा गार, वल्ह्यावरून ओघळणारं पाणी त्या मानाने कोमट. प्रवाह इतका तोंडावर की दहा मिनिटं काठावरचा एकच माड शेजारी उभा. संगमाजवळ आजोबांनी दाखवलेल्या उजवीकडच्या वाटेने निघालो, तर मधेच तळाशी खर्रकन आवाज आला. हातभर पाण्यात रेव. उतरलो, कयाक ढकलली, जरा दक्षिणेला सरकल्यावर पाणी काळं झालं आणि खोली मिळाली. बाहेर भोगव्याच्या बाजूच्या खडपांजवळ दीड तास. पहिला दणका बसला तेव्हा रॉड वाकला आणि तंगूस खडकावर घासून तुटला. तो तांबोशीच होता असं मी आयुष्यभर सांगणार आहे. दुसरा हेकरू, वीतभर. गळ काढून सोडला. साडेआठला, पाणी अजून आत येत असताना, मासे लागायला सुरुवात झाली असं वाटत असताना, रॉड गुंडाळला. ही वेळ पाळणं हाच सगळ्यात अवघड भाग आहे, आणि त्याचा सराव तलावात करता येत नाही.

नऊ वाजता आत आलो. घरी फोन केला. आजोबा कालच्याच जागी, बहुतेक तेच जाळं. मासे मिळाले का, हे त्यांनी विचारलं नाही. "रेव खंय लागली?" म्हणाले. मी वल्ह्याने वाळूत संगम काढून दाखवला: तुम्ही सांगितलेली वाट इथे, मी अडकलो इथे, खोल पाणी ह्या बाजूला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग होडीत डिझेल भरणाऱ्या नातवाला हाक मारली, आणि मी काढलेल्या रेघेवर बोट ठेवून त्याला काहीतरी सांगू लागले.